नमुना तोच असावा

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी सांगलीत गणपती पेठेत भाव विचारत फिरते.
विकत काही घेत नाही.
सगळ्या दुकानदारांना हे ठाऊक झालंय,
तरी बाळगोंडा मगदूम दर खेपेला विचारतात,
"या मॅडम, आज काय काय घ्यायचं नाही?"

माझ्याजवळ फॉर्म असतो.
त्याच्या डोक्यावर छापलंय : नमुना तोच असावा.
म्हणजे गेल्या महिन्यात जी तूरडाळ
तीच डाळ, तीच प्रत, तेच दुकान.
विचारणारी थकली तरी चालते.

राजापुरी हळद, दळलेली, पाव किलो.
गोडेतेल, एक लिटर.
अंगाचा साबण, शंभर ग्रॅम.

तो साबण आता पंच्याऐंशीचा आहे.
वेष्टन तेच. वेष्टनावरची बाई तशीच हसते.
वडीला मधोमध कंबर काढलीय,
म्हणे हातात नीट बसते.
"किंमत वाढली नाही बघा. लिहून घ्या,"
मगदूम म्हणतात, आणि दुसरीकडे बघतात.
मी शेऱ्यात लिहिते : वजन घटले.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.

बारा तारखेला संध्याकाळी टीव्हीवर आकडा येतो.
पाच पूर्णांक एक.
सगळ्या देशाचा मिळून एक आकडा,
आणि पूर्णांकाच्या पलीकडच्या त्या एकात
कुठेतरी मगदुमांची डाळ शिजत असणार,
असं मला दर वेळी वाटतं.
थोडा अभिमानही वाटतो, खोटं कशाला बोलू.
मग जाहिरात लागते. त्याच साबणाची.

मला एका फॉर्मचे साठ रुपये मिळतात.
पहिल्या वर्षी साठमध्ये पेट्रोल, चहा
आणि घरी न्यायला जुडीभर मेथी व्हायची.
नंतर मेथी गेली.
नंतर चहा.
आता मी पेठेत चालत जाते
आणि तब्येतीला बरं असतं म्हणून सांगते.
नोट तीच आहे, कोरी, करकरीत,
हात तेवढा आखूड झालाय तिचा,
वरच्या फळीला पोचत नाही.

माझ्या दराचा फॉर्म कुणी भरत नाही.
भरला तर खूश होतील :
आठ वर्षं, नमुना तोच.

आयर्विन पुलाच्या अलीकडे शकीला मुजावरची गाडी.
भडंग आमच्या यादीत नाही.
तरी मी थांबते, पाय दुखतात म्हणून.
पुडी दहाची, सहा वर्षं दहाचीच.
"दहाच्या वर गिऱ्हाईक खिशातनं हात काढत न्हाई."
पुडीचा कागद आधी पेपरचा होता,
मग वहीचं पान, आता अर्धं पान;
परवाच्या पुडीवर कुणाचा तरी भागाकार होता,
बाकी फाटून गेलेली.
"शेंगदाणं मूठभर टाकायची मी.
मग अकरा. आता सात.
मोजताना लाज वाटती, पण मोजते."

तिच्या सासऱ्यांचं पितळी मापटं अजून गाडीवर आहे.
ते चुरमुरे शीग लावून द्यायचे,
काठाच्या वर डोंगर,
दोन-चार दाणे घरंगळायचे
आणि ते गोळा करायला पोरं खाली बसायची.
शकीला काठाशी तळहात फिरवते. सपाट.
माप खोटं नाही तिचं.
मापटं भरतंच की.

मी फॉर्म काढला.
भडंगाचा रकाना नव्हता, म्हणून साबणापुढेच
दोन बोटांच्या जागेत लिहिलं :
शीग गेली.

चार दिवसांनी पुण्याहून फोन आला.
बरा मुलगा होता, नवीन लागलेला.
"मॅडम, अनुक्रमांक एकोणीस.
शीग म्हणजे नक्की काय? किती ग्रॅम?"

मी पुलाच्या तोंडाशी उभी होते,
मागून उसाची ट्रॉली हॉर्न देत होती.
एका हातात फोन,
दुसरा हात काठाच्या जरा वर धरून
मी त्याला दाखवलं :
इतकी.